स्कॅनच्या खोलीत आलेला मामांचा आवाज

या सदरातले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचतो, आणि खरं सांगायचं तर थोडं हसायला मिळावं म्हणूनच वाचतो. वडाखाली उभी असलेली बाई, आपोआप बंद पडणारी गाडी… आमच्या काटेवाडीत असलं सांगणारे चिक्कार आहेत. त्यांना मी नेहमी एकच विचारायचो, "फोटो हाय का?" माझा धंदाच फोटोचा. बारामतीत एका स्कॅन सेंटरमध्ये मी सीटी टेक्निशियन आहे. बारा वर्षं झाली, रोज वीस-पंचवीस माणसं आतून बघतो. खडे, गाठी, पाणी, मोडलेली हाडं, एकदा तर एका आजीबाईंनी गिळलेली सेफ्टी पिन… सगळं दिसलं. आत्मा म्हणून काही दिसला नाही. त्यामुळं हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहितोय, कारण वर्ष होत आलं आणि ही गोष्ट मनावरून उतरत नाही.

आधी जागा समजून घ्या. सेंटर तळमजल्यावर आहे. मशीनची खोली वेगळी आणि आम्ही कॉम्प्युटरसमोर बसतो ती खोली वेगळी. मध्ये जाड शिशाची काच. दार लावलं की पलीकडचं काही ऐकू येत नाही, म्हणून इंटरकॉम. मशीनच्या गोल तोंडापाशी माईक, माझ्या टेबलावर स्पीकर. रुग्ण आत एकटाच असतो. बास, एवढंच.

आता मामा. बापूमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, राहणार डाळज, तालुका इंदापूर. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, मामांनी ती मोडून ऊस लावला. पण त्यांना ऊसवाले म्हणून कोणी ओळखत नव्हतं. जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरलं की माईकवर बापूमामा ठरलेले. पैलवान आखाड्यात उतरला की त्याचं गाव, त्याचा वस्ताद, त्याच्या बापानं कुणाला कुठं चितपट केलं होतं — सगळं तोंडपाठ. वीज गेली तरी मैदान थांबायचं नाही, असा आवाज. "हलगीवालं, जरा दमानं… पोरगं पट काढतंय!" असं म्हणाले की सगळं मैदान श्वास धरून बसायचं.

आमचं मशीन नवीन आलं तेव्हा त्यात रुग्णाला सूचना देणारा आवाज हिंदीत होता, एका बाईचा. खेड्यातल्या म्हाताऱ्या ती बाई कुठं आहे ते बघायला उठून बसायच्या आणि स्कॅन वाया जायचा. त्या मशीनमध्ये आपल्याला हवा तो आवाज भरून ठेवता येतो. मी मामांना बोलावून घेतलं. पहिल्याच फटक्यात ते असे गरजले — "श्वाऽऽस घ्या… आणि रोखा!" — की बाहेर बाकावर बसलेली माणसं उभी राहिली.

"मामा, हितं पेशंट हाय, पैलवान न्हाय," मी म्हणालो.

"अरं, मग त्येलाबी जिंकायचंच हाय की," मामा म्हणाले.

पाच-सहा वेळा घेऊन एकदाचं जमलं. श्वास घ्या, रोखा, सोडा. थुंकी गिळू नका. आता 'ई' म्हणा. एवढीच वाक्यं. ते 'ई' काय ते सांगतो. गळ्याच्या स्कॅनला आमच्याकडं एक जादा फेरी असते. रुग्णाला लांब 'ई' म्हणायला लावायचं. त्यानं आवाजाच्या पट्ट्या एकमेकींजवळ येतात आणि आत काही वाढलं असेल तर कुठवर वाढलंय ते नीट दिसतं. तेव्हापासून इंदापूरकडचा पेशंट आला की मशीनमधून हमखास विचारायचा, "ह्यो आपल्या बापूरावांचा आवाज हाय का वो?" मला अभिमान वाटायचा.

अडीच-तीन वर्षांपूर्वी मामांचा आवाज बसला. जत्रांचे दिवस, आवाज बसणारच, असं सगळेच म्हणालो. मीसुद्धा. रोज गळ्याचे कॅन्सर बघणारा मी, मामांना म्हणालो की हळद-दूध घ्या. बिडी त्यांची जुनी, घरात सगळ्यांना ठाऊक. पाच महिने गेले. शेवटी मामींनी जेवण सोडायची धमकी दिली तेव्हा मामा पुण्याला गेले, तुकडा काढून तपासला, आणि निघालं ते निघालं. स्कॅन माझ्याकडं करायचा ठरला. घरचा माणूस, घरचं मशीन!

मामा टेबलावर झोपले. मी काचेआडून बटण दाबलं आणि मशीन त्यांच्याच आवाजात त्यांना म्हणालं, "थुंकी गिळू नका." मामांना हसू फुटलं. चित्र हललं, सगळं परत. "माझाच आवाज मलाच हुकूम सोडतोय बग!" घोगऱ्या आवाजात ते म्हणाले. मग 'ई' ची फेरी आली. साधारण माणूस दहा सेकंदांत संपतो. मामांनी जो 'ई…' लावला तो थांबेच ना. फेरी संपली, मशीन थांबलं, तरी 'ई' चालूच. बसका होता, चिरका होता, पण लांबलचक. मग जरा खाकरून त्यांनी विचारलं, "बास का रं?"

मी इंटरकॉमवर हसत म्हणालो, "बास मामा, बास!"

हे शब्द लक्षात ठेवा.

आता जे मी आजवर कुणाला सांगितलं नाही ते. बायकोलासुद्धा नाही.

त्या वर्षी आमच्या सेंटरमधून गळ्याच्या कॅन्सरचे स्कॅन एका अभ्यासासाठी जायचे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी एक प्रोग्राम बनवत आणला होता. स्कॅनच्या प्रत्येक कापावर, म्हणजे एकेका आडव्या चित्रावर, गाठीभोवती माउसनं रेघ ओढायची. मग प्रोग्राम त्या गाठीचा आकार, कडा, आतला खडबडीतपणा वगैरे मोजून रंग दाखवायचा. हिरवा म्हणजे रेडिएशनवर बरा व्हायची शक्यता चांगली, पिवळा म्हणजे सांगता येत नाही, लाल म्हणजे गाठ परत येण्याचा धोका मोठा. अजून चाचणीच चालू होती. उपचार त्यावरून ठरवायचे नाहीत आणि रंग रुग्णाला सांगायचा नाही, हा नियम आमच्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी मला दोनदा बजावला होता. रेघ ओढायचं काम माझं. मॅडम नंतर तपासायच्या, पण त्या आठवड्यात त्या रजेवर होत्या.

मामांची रेघ मी ओढली. चाळीसेक कापांपैकी चार कापांवर गाठीची कड गळ्याच्या कूर्चेला, म्हणजे तिथल्या मऊ हाडाला, लागल्यासारखी वाटत होती. लागली म्हणावं तर लागली, नाही म्हणावं तर नाही. दुसऱ्या कुणाचा स्कॅन असता तर मी ती जागा आत धरली असती. नेहमी धरतो. त्या दिवशी माझा हात आखडला. आमच्या भागात बांध कोरण्यात माणसं पटाईत, दर वर्षी वीतभर शेजाऱ्याच्या रानात. मी पण बांधच कोरला, फक्त उलटीकडून. मामांची गाठ मी वीतभर आत ढकलली. मुद्दाम केलं का? शपथेवर सांगता येत नाही. मी रेघ ओढली आणि मला बरं वाटलं, एवढं आठवतंय.

प्रोग्रामनं हिरवा दाखवला.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. ऑपरेशन करून स्वरयंत्र पूर्ण काढायचं, म्हणजे आवाज कायमचा गेला. किंवा रेडिएशन — आमच्याकडं त्याला लाईट म्हणतात — आणि सोबत केमो, म्हणजे आवाज राहण्याची आशा. ते स्वतः ऑपरेशनकडं झुकले होते, पण म्हणाले, घरी बोलून ठरवा. आणि घरी बोलून ठरवणं म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरनं काय सांगितलं ते बाजूला राहतं. दवाखान्यात आपला माणूस असतो, त्याला विचारतात. डाळजला ओट्यावर सगळे बसले होते. मामी, मामेभाऊ दत्ता, माझी आई. मामा नुसते माझ्याकडं बघत होते.

"संदीप, तुजं मशीन काय म्हंतंय?" दत्तानं विचारलं.

मी नियम मोडला. "हिरवं म्हंतंय," मी म्हणालो. "लाईटवर भागंल."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या माणसाला मी तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "लेका, तू सांगितलंस, आता इषय संपला."

लाईट घेतली. पस्तीस वेळा पुण्याला खेपा. गळा भाजला, जेवण जाईना, पण आवाज सुधारला. त्या वर्षीच्या जत्रेला मामा पुन्हा माईकवर होते. निम्माच वेळ, पण होते. मी मैदानात मागं उभा होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. ते दुपारचं मैदान आठवलं की अजून कळत नाही, मी मामांना काय दिलं आणि काय हिरावून घेतलं.

आठ महिन्यांत गाठ परत आली, कूर्चेतून बाहेर. मग ऑपरेशन करावंच लागलं. स्वरयंत्र गेलं, मानेला श्वासाचं भोक आलं. "आधीच काढलं असतं तर…" असं कुणीही म्हणालं नाही. डॉक्टर नाही, दत्ता नाही, मामी तर नाहीच. कुणी म्हणालं असतं तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी जुना स्कॅन उघडला. ते चार काप काढले आणि रेघ परत ओढली, परक्या माणसाची ओढावी तशी. प्रोग्रामनं जरा वेळ घेतला आणि लाल दाखवला. पिवळासुद्धा नाही.

मी तो बंद केला. मॅडमना सांगितलं की मामांची जुनी नोंद चुकीची आहे, अभ्यासातून काढून टाका. का चुकीची, ते सांगितलं नाही. पण त्या दिवशी एक शपथ घेतली. जे पडद्यावर नाही ते यापुढं कुणाला म्हणून सांगायचं नाही. आशा म्हणून नाही, माया म्हणून नाही. दिसेल तेवढंच बोलायचं. ही शपथ मला चांगली वाटली होती.

ऑपरेशननंतर मामा पाटीवर लिहून बोलायचे. नातीची पाटी होती, ती आजकाल मिळते ना, काळी, प्लॅस्टिकच्या काडीनं लिहायचं आणि बटण दाबलं की सगळं पुसतं. शाळा चौथीपर्यंतची, अक्षर मोठं मोठं. पोटात हवा घेऊन ढेकरेसारखा आवाज काढायचं शिक्षण पुण्यात देतात, तेही मामा करून बघत होते. मामी सांगायच्या, सकाळी गोठ्यामागं जाऊन सराव करतात. 'आ' सुद्धा निघत नव्हता. पण सोडलं नव्हतं.

आणि मग तो स्कॅन. साधारण वर्षापूर्वी, सकाळी साडेअकराची वेळ. वजन उतरलं होतं, मानेत गाठ लागत होती. मामांसोबत दत्ता आला होता, तो बाहेर बाकावर बसला. आमच्या शोभाताई — रुग्णाला टेबलावर नीट झोपवायचं काम त्यांचं — त्यांनी मामांना झोपवलं, मानेच्या भोकाजवळची पट्टी सरळ केली आणि माझ्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या. दार लागलं.

माझ्याकडून चूक झाली. मशीनच्या यादीतून मी सवयीनं गळ्याच्या स्कॅनचा नेहमीचाच क्रम निवडला, 'ई' च्या फेरीचा. ज्यांचं स्वरयंत्र काढलंय त्यांना ती फेरी लावत नाहीत, लावून काही उपयोगच नाही. मला कळलं तेव्हा मशीन बोलायला लागलं होतं, मामांच्याच जुन्या, भरदार आवाजात. "आता ई म्हणा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाचा आवाज गेला, त्याला त्याच्याच आवाजात… मी थांबवायचं बटण दाबायला हात पुढं केला.

आणि स्पीकरमधून 'ई…' आला.

ढेकर नाही. शिट्टीसारखी हवा नाही. खणखणीत, लांब, मैदानात लागायचा तसा, आजारपणाच्या आधीचा आवाज. मी काचेतून बघितलं. मामा निश्चल पडले होते, तोंड किंचित उघडं. फेरी संपली. मशीन थांबलं. 'ई' चालूच. मग तो तुटला, कुणीतरी खाकरलं आणि स्पीकर म्हणाला,

"बास का रं?"

शोभाताईंनी माझा खांदा घट्ट धरला. "दादा, कोण बोललं वो?" मी उत्तर दिलं नाही. मामांनाही दिलं नाही. इंटरकॉमचं बटण माझ्या बोटाखाली होतं.

समोर पडद्यावर त्या फेरीची चित्रं एकेक करून येत होती. मी ती बघितली. जिथं आवाजाच्या पट्ट्या असतात तिथं काही नव्हतं. ऑपरेशननंतर असावं तसंच, बंद आणि सपाट. आणि खाली, जिथं छातीचा वरचा भाग दिसतो, तिथं दोन्ही फुप्फुसांत ठिपके होते. ते ओळखायला मला कुठल्या प्रोग्रामची गरज नव्हती.

मी आत गेलो. मामा उठून बसले होते. चेहरा असा उजळला होता, की मला त्यांच्याकडं बघवेना. त्यांनी घाईघाईनं पाटी मागितली. लिहिलं —

ऐकलंस का?

मी शपथ घेतली होती. पडद्यावर नाही ते बोलायचं नाही. मागं एकदा मायेनं बोललो होतो, त्याचं काय झालं ते समोर बसलं होतं. मी म्हणालो, "काय ऐकायचं, मामा?"

त्यांनी पाटी आणखी जवळ आणली. काडीनं त्या दोन शब्दांवर टकटक केलं.

"न्हाय मामा," मी म्हणालो. "कायच ऐकलं न्हाय."

मामांनी मान हलवली, जणू त्यांनाही तेच वाटलं होतं. आणि पाटीचं बटण दाबलं. दारात उभ्या असलेल्या शोभाताई काही बोलल्या नाहीत. मी नाही म्हणाल्यावर त्या तरी काय बोलणार?

तीन आठवड्यांत मामा गेले. तेराव्याला मी डाळजला गेलो तेव्हा मामी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "त्या दिशी तुज्याकडनं आल्यापासनं पाटीला हात लावला न्हाय त्यांनी. गोठ्यामागंबी गेलं न्हाईत परत. काय झालं हुतं रं तितं?"

"काय न्हाय, मामी," मी म्हणालो. तिसऱ्यांदा.

तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारलंय. मशीनमध्ये भरलेला आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. त्यात "आता ई म्हणा" एवढंच आहे. लांब 'ई' नाही, "बास का रं" तर नाहीच. इंटरकॉमचं बोलणं मशीन साठवून ठेवत नाही. कंपनीच्या इंजिनियरला स्पीकर दाखवला, तो म्हणाला ठणठणीत आहे. मॅडमना नाव न घेता विचारलं, तर त्या म्हणाल्या, ढेकरेचा आवाज काही लोकांना चांगला जमतो, पण तो असा लांब लागत नाही आणि मूळच्या आवाजासारखा कधीच येत नाही. मला भास झाला म्हणावं तर शोभाताईंनीही ऐकलं. त्या आजही त्या खोलीत एकट्या थांबत नाहीत. मामांचा तो स्कॅन मी कितीदा उघडून बघितला असेल! तिथं काही नाही. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, ते सापडावं असंही आता वाटत नाही.

मला छळतं ते वेगळंच आहे. जेव्हा पडद्यावर दिसत होतं तेव्हा मी ते रेघेबाहेर ठेवलं आणि सगळ्यांना हिरवं सांगितलं. जेव्हा कानांनी ऐकलं तेव्हा पडद्यावर नाही म्हणून नाही म्हणालो. त्या माणसाला माझ्याकडून दोनदाच काहीतरी हवं होतं. दोन्ही वेळा मी खोटं बोललो. मामांना दुसऱ्या वेळी औषध नको होतं, शक्यता नको होती. आपला आवाज कुणाच्या तरी कानावर पडला का, एवढंच हवं होतं.

मशीनमध्ये अजून त्यांचाच आवाज आहे. मॅडम म्हणाल्या, बदलू या का? मी नको म्हणालो. दिवसाला वीस-पंचवीस वेळा मामा लोकांना सांगतात, श्वास घ्या, रोखा, सोडा. दुपारी शोभाताई जेवायला गेल्या आणि टेबल रिकामं असलं, की कधीकधी मी 'ई' ची फेरी लावतो. "आता ई म्हणा," मामा म्हणतात. मी थांबतो. खोलीतून एसीच्या घरघरीशिवाय काही येत नाही.

मग मी इंटरकॉमचं बटण दाबतो आणि त्या रिकाम्या खोलीला सांगतो, "बास, मामा. ऐकलं मी. समदं ऐकलं."